अनोळखी शहरात सिटी बस कशी वापरायची: रूट, स्टॉप आणि वाट बघण्याचं गणित

नवीन शहरात गेल्यावर मेट्रोत बसायला कुणी फारसं घाबरत नाही, बसचं नाव काढलं की मात्र 'नको, कुठे जाईल काय माहीत' सुरू होतं. कारण साधं आहे, मेट्रोचे रूळ दिसतात आणि तिचा नकाशा एका पानावर मावतो, बसची लाइन रस्त्यावर कुठेच आखलेली नसते. ती कागदावर आणि कॉम्प्युटरमधे असते आणि आपल्याला दिसतो तो फक्त एक खांब, त्यावरची पाटी आणि चारपाच नंबर. पण आतून ही व्यवस्था फार ठरीव असते आणि एकदा ती कशी चालते ते कळलं की जगातल्या कुठल्याही शहरात तासाभरात जम बसतो.

सुरुवातीलाच एक सांगतो. लोक विचारतात 'तिकडे कुठली बस जाते?' त्याच्या आधी विचारायचा प्रश्न आहे 'दर किती मिनिटांनी जाते?' पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पायरी १: नंबर बघा, पण टोक आधी बघा

रूट म्हणजे दोन टोकं आणि मधे ठरलेल्या क्रमाने येणारे स्टॉप. नंबर हे त्या अख्ख्या साखळीचं नाव, त्यामुळे जाताना आणि येताना नंबर बहुतेक ठिकाणी तोच असतो. म्हणजे नुसता नंबर बघून चढलात तर उलट्या दिशेला जायची शक्यता निम्मी. बसच्या कपाळावर नंबरच्या शेजारी जे नाव असतं ते शेवटच्या स्टॉपचं, तुमच्या स्टॉपचं नव्हे, आणि नवखा माणूस इथेच गडबडतो, आपल्या ठिकाणाचं नाव शोधत बसतो आणि बरोबर बस समोरून निघून जाते. म्हणून निघायच्या आधी मोबाइलवर एकच गोष्ट बघून ठेवायची: मला जिथे उतरायचंय त्याच्या पुढे गेल्यावर हा रूट कुठे संपतो. ते टोकाचं नाव पाठ असलं की काम झालं.

आता यातल्या खाचाखोचा. नंबरच्या पुढेमागे अक्षर असेल तर ते सहज घेऊ नका. तोच रूट पण थोडा वेगळ्या रस्त्याने, किंवा मोजक्याच स्टॉपवर थांबणारी गाडी, किंवा अर्ध्यातूनच परत फिरणारी, यातलं काहीही असू शकतं. अर्ध्यातून फिरणाऱ्या गाड्या गर्दीच्या वेळी मुद्दाम सोडतात, कारण शहराच्या मधल्या भागात माणसं जास्त आणि टोकाला कमी, मग प्रत्येक गाडी शेवटपर्यंत नेण्यात अर्थ नसतो. अशा गाडीच्या पाटीवर मधल्याच एखाद्या ठिकाणाचं नाव असतं. तुमचा स्टॉप त्याच्या अलीकडे असेल तर खुशाल चढा, उलट ती गाडी रिकामी मिळते.

गोल फिरणाऱ्या रूटला टोकच नसतं, त्यामुळे दिशा बघावी लागते, एक घड्याळाच्या दिशेने आणि एक उलट. चुकीची पकडली तरी पोचाल, फक्त अख्खं शहर बघून.

नंबरांमागे कधीकधी भारी पद्धत असते आणि ती कळली की निम्मं काम तिथेच होतं. दक्षिण कोरियातल्या सोलने २००४ साली सगळी बस व्यवस्था नव्याने मांडली तेव्हा बसना रंग दिले, लांबच्या मुख्य रूटला निळा, वस्तीतून मेट्रोपर्यंत किंवा मुख्य रूटपर्यंत आणून सोडणाऱ्या गाडीला हिरवा, उपनगरातून येणाऱ्या एक्सप्रेसला लाल. नंबरातले आकडेही शहराच्या कुठल्या भागातून कुठल्या भागात ते सांगतात. बार्सिलोनात तर त्याहून सोपं: 'एच'ने सुरू होणारे रूट समुद्राला समांतर, 'व्ही'वाले समुद्र ते डोंगर असे, आणि 'डी'वाले तिरके. लंडनमधे नंबरच्या आधी 'एन' दिसला की ती रात्रीची बस. सगळीकडे असं नसतं, बऱ्याच शहरांत नंबर जसे रूट निघाले तसे लावत गेलेत, तिथे तर्क लावायला जाऊ नका.

पायरी २: फ्रिक्वेन्सी कुठून येते ते समजून घ्या

हे जरा गणित आहे पण एकदा वाचा, कारण 'बस का येत नाही' याचं निम्मं उत्तर इथे आहे.

समजा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जायला ४५ मिनिटं लागतात. जाऊन येऊन ९०. दोन्ही टोकांना ५-५ मिनिटं थांबणं धरा, ड्रायव्हरला पाणी प्यायला आणि झालेला उशीर भरून काढायला, म्हणजे पूर्ण फेरी १०० मिनिटांची. दर १० मिनिटांनी बस हवी असेल तर या रूटवर एका वेळी १० बस लागतील. भागाकार आहे फक्त, फेरीची मिनिटं भागिले दोन बसमधली मिनिटं.

आता ट्रॅफिक वाढला आणि एका बाजूला ४५ च्या जागी ५५ मिनिटं लागायला लागली. फेरी झाली १२० ची. एक तर आणखी दोन बस आणि त्यांचे ड्रायव्हर आणा, नाहीतर त्याच १० बसमधे दर १२ मिनिटांनी सेवा द्या. तिसरा चोरटा मार्ग म्हणजे टोकावरचा थांबा कापायचा, मग सकाळचा उशीर दुपारपर्यंत फेरीमागून फेरी तसाच पुढे ढकलत जातो. उलटही खरं आहे, बससाठी वेगळी लेन दिली आणि फेरी ८० मिनिटांवर आली तर त्याच १० बस दर ८ मिनिटांनी मिळतात, एकही नवीन गाडी न घेता. बस लेनमुळे आतल्या लोकांचा वेळ वाचतो हे सगळ्यांना दिसतं, स्टॉपवर उभ्या असलेल्यांचाही वाचतो हे कुणी बोलतच नाही.

तुमच्यासाठी यातून निघतं ते असं. दर १०-१२ मिनिटांनी किंवा त्याहून लवकर येणारा रूट असेल तर टाइमटेबल बघूच नका, सरळ स्टॉपवर जा. २० मिनिटं किंवा जास्त असेल तर टाइमटेबल बघून, दोनतीन मिनिटं आधी पोचा. मधल्या रूटला ॲप बघून ठरवा. आणि दोन रूटमधून निवडायचं असेल, एक थेट जाणारा पण तासाला दोनच, दुसरा बस बदलावी लागणारा पण दोन्ही गाड्या दर ८ मिनिटांनी, तर मी डोळे झाकून दुसरा घेईन. थेट बसचं लोकांना फार कौतुक असतं, पण थेट बसची वाट बघण्यात गेलेली २५ मिनिटं कुणी मोजत नाही.

ठरलेला रस्ता आणि ठरलेल्या अंतराने सुटणारी गाडी ही कल्पना फार जुनी आहे बरं का. पॅरिसमधे १६६२ साली गणितज्ञ ब्लेज पास्कालच्या पुढाकाराने घोडागाड्या सुरू झाल्या, पाच सू भाडं, ठरलेला मार्ग, आणि गाडी भरो न भरो वेळ झाली की सुटणार. काही वर्षांतच त्या बंद पडल्या, पण 'भरो न भरो सुटणार' हा नियम आजही बस आणि भरल्यावर सुटणारी शेअर गाडी यांच्यातला खरा फरक आहे.

पायरी ३: बरोबर खांबापाशी उभे राहा

एका नावाचा स्टॉप म्हणजे एक जागा असं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन तर असतातच, आणि मोठ्या चौकात एकाच नावाचे सहाआठ खांब चारही रस्त्यांवर पसरलेले असू शकतात. लंडनमधे अशा ठिकाणी प्रत्येक खांबावर ए, बी, सी असं अक्षर असतं आणि नकाशावर तेच अक्षर दिसतं, ही पद्धत मला सगळ्यात आवडते. जिथे अक्षर नाही तिथे ॲपमधे स्टॉपवर टॅप करून नकाशातला ठिपका रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. ज्या देशात गाड्या उजवीकडून चालतात तिथे तर तुमची सवय हमखास दगा देणार, पाय आपोआप उलट्या बाजूला जातात.

एकदिशा रस्ते असतील तर आणखी एक भानगड. जायची बस या रस्त्याने आणि यायची शेजारच्या समांतर रस्त्याने. सकाळी उतरलात तिथेच संध्याकाळी समोरच्या बाजूला उभं राहून काही उपयोग नाही, तिथे स्टॉपच नसतो. उतरल्या उतरल्या परतीचा स्टॉप कुठे ते बघून ठेवा, रात्री अंधारात शोधण्यापेक्षा बरं.

चौकाजवळचा स्टॉप सिग्नलच्या आधी असतो किंवा नंतर. सिग्नलच्या आधी असेल तर बस थांबते, माणसं चढतात, तेवढ्यात लाल लागतो आणि तीच बस पुन्हा अडकते. नंतर असेल तर बस चौक ओलांडून थांबते आणि निघाली की निघाली. म्हणून नवीन आखणीत शक्यतो चौकापलीकडे स्टॉप देतात, विशेषतः जिथे बस येताना दिसली की सिग्नल हिरवा लांबवण्याची सोय आहे. तुमच्या दृष्टीने एवढंच की चौकात स्टॉप दिसला नाही तर पलीकडे जाऊन बघा.

तसंच ती रस्त्याच्या कडेला आत घेतलेली खाच. दिसायला छान, बाकीच्या गाड्या अडत नाहीत, पण बसला पुन्हा रांगेत घुसायला कुणी जागा देत नाही. म्हणून काही शहरं आता उलटं करतात, फूटपाथच बसपर्यंत बाहेर आणतात, बस आपल्या लेनमधेच थांबते. मागच्या गाड्यांना राग येतो, पण एका गाडीत एक माणूस आणि बसमधे पन्नास, तेव्हा रागाचं फार मनावर घेऊ नये.

स्टॉप इतके जवळजवळ किंवा लांब का, याचाही हिशोब आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत दर २००-२५० मीटरवर स्टॉप, युरोपात साधारण ३०० ते ४५०. ८ किलोमीटरचा रूट घ्या. २५० मीटरला एक म्हणजे ३२ थांबे, ४०० ला एक म्हणजे २०. चढणारी माणसं तेवढीच, पण ब्रेक, दार उघडणं, बंद करणं, परत वेग घेणं यात प्रत्येक थांब्याला २० सेकंद जरी धरली तरी १२ थांब्यांची ४ मिनिटं वाचली, तीही एका बाजूची. वरचं फेरीचं गणित आठवा, दोन्ही बाजूंची ८ मिनिटं म्हणजे जवळपास एक अख्खी बस. पण स्टॉप काढायचं म्हटलं की तिथल्या आजीआजोबांना दीडशे पावलं जास्त चालावं लागतं आणि तेही खोटं नाही, म्हणून हा वाद कधी संपत नाही.

खांबावरची पाटी वाचताना तीन गोष्टी: इथे कुठले नंबर थांबतात (सगळे नंबर सगळ्या स्टॉपवर थांबत नाहीत), त्यांची टोकं, आणि शेवटची गाडी. वेळ लिहिलेली असेल तर ती या स्टॉपची आहे की सुटायच्या टोकाची ते बघा, टोकाची असेल तर तिथून इथपर्यंतची मिनिटं मिळवा. वारही बघा, रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं आणि सुट्टीच्या दिवशी बहुतेक ठिकाणी तेच लागू होतं.

पायरी ४: दोन बस एकदम का येतात

यावर जगभर लोक एकच चिडचिड करतात, अर्धा तास काही नाही आणि मग एकामागे एक तीन. कुणी मुद्दाम करत नाही. एक बस काही कारणाने दोन मिनिटं मागे पडली, सिग्नल लागला, कुणाची व्हीलचेअर चढली, काहीही. आता पुढच्या स्टॉपवर तिच्यासाठी नेहमीपेक्षा दोन मिनिटांची जास्त माणसं जमलेली, त्यांना चढायला जास्त वेळ, म्हणून ती आणखी मागे, पुढच्या स्टॉपवर आणखी जास्त माणसं. तिच्या मागच्या बसला मात्र स्टॉप रिकामेच मिळतात, ती पळत येते आणि पुढचीला गाठते. नेवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ सालीच हे गणिताने मांडून दाखवलं होतं. म्हणजे बस एकत्र येणं हा बिघाड नाही, कुणी हस्तक्षेप केला नाही तर व्यवस्था आपोआप तिकडेच जाते. म्हणूनच कधीकधी चांगली धावणारी बस मधेच एखाद्या स्टॉपवर दोन मिनिटं उगाच थांबते आणि आतले लोक वैतागतात, ती वेळेच्या आधी आलेली असते किंवा अंतर राखायला तिला धरून ठेवलेलं असतं.

याचा तुमच्यावर परिणाम वाटतो त्याहून जास्त होतो. दर १० मिनिटांनी बस अगदी नेमकी आली तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. आता त्याच दोन बस २ मिनिटं आणि १८ मिनिटं अशा अंतराने आल्या. कागदावर तासाला सहाच बस, सरासरी अंतर १० च. पण वीसपैकी अठरा मिनिटांत येणारा माणूस त्या लांबच्या पोकळीतच सापडणार आणि सरासरी ९ मिनिटं थांबणार, सगळा हिशोब केला तर सरासरी येते ८.२ मिनिटं. तेव्हा 'मीच गेलो की बस उशिरा येते' हे नशीब नाही, अंकगणित आहे. लंडनमधे वारंवार धावणाऱ्या रूटवर बस घड्याळाप्रमाणे आली का हे मोजतच नाहीत, लोकांना ठरल्यापेक्षा किती जास्त वाट बघावी लागली ते मोजतात, आणि ते बरोबरच आहे.

मग करायचं काय? गच्च भरलेली बस आली तर घुसायच्या आधी ॲपमधे किंवा रस्त्यावर मागे नजर टाका. मागची दोन मिनिटांवर असेल तर ती बहुधा रिकामी असते आणि बऱ्याचदा पहिलीला ओलांडूनही जाते. मात्र मागची दिसत नसेल आणि रूट २० मिनिटांचा असेल तर शहाणपणा नको, चढा.

पायरी ५: ॲपमधली वेळ किती खरी

गुगल मॅप्ससारख्या ॲपमधे बस दिसते ती जीटीएफएस नावाच्या ठरीव साच्यामुळे. २००५ साली अमेरिकेत पोर्टलंडची बससेवा चालवणारी ट्रायमेट आणि गुगल यांनी मिळून तो सुरू केला. साधी टेक्स्ट फाइल असते, स्टॉपची यादी, रूटची यादी, प्रत्येक फेरी आणि ती कुठल्या स्टॉपवर कधी. आज जगभरातली शहरं त्याच साच्यात माहिती देतात, म्हणून एकच ॲप सगळीकडे चालतं.

पण ही झाली छापील वेळ. गाडीवरच्या जीपीएसवरून येणारी लाइव्ह वेळ ही वेगळी माहिती आणि ती प्रत्येक शहर देतंच असं नाही. ॲपमधे वेळेच्या शेजारी लहरींसारखं चिन्ह किंवा वेगळा रंग असेल तर लाइव्ह, नाहीतर ती नुसती टाइमटेबलची नक्कल, रद्द झालेली फेरीही त्यात थाटात 'येत' असते. ओळखायची युक्ती: दोन मिनिटं बघत राहा. '७ मिनिटं' वरून '५ मिनिटं' अगदी घड्याळासारखं उतरत असेल आणि शून्य होऊन गायब झालं तर ती भुताटकी बस. खरी लाइव्ह वेळ कधी अडते, कधी उडी मारते, ७ ची ८ होते. अडखळणाऱ्या वेळेवर जास्त विश्वास ठेवा. बस अजून सुरुवातीच्या टोकावर उभी असताना दिसणारा अंदाजही कच्चाच समजा, ड्रायव्हर कधी निघणार ते जीपीएसला कळत नाही.

पायरी ६: बस बदलायची असेल तर

२०१५ च्या ऑगस्टमधे अमेरिकेतल्या ह्यूस्टनने एका रात्रीत जवळजवळ सगळे रूट बदलून जाळीसारखे केले, उभे आडवे, आणि बार्सिलोनाने तेच काम २०१२ ते २०१८ असं टप्प्याटप्प्याने केलं. दोन्हीकडे कल्पना तीच, थेट बस कमी पण दर काही मिनिटांनी, कुठूनही कुठे एकदा बदलून. अशा शहरात बस बदलायला घाबरलात तर निम्मं शहर हातचं गेलं.

बदलण्याची जागा निवडताना नकाशावर दोन रेषा जिथे छेदतात तिथेच उतरायची गरज नाही. दोन्ही रूट थोडं अंतर एकाच रस्त्याने जात असतील तर त्या पट्ट्यातल्या आतल्या स्टॉपवर उतरा, तिथे दुसरी बस त्याच खांबापाशी येते, चौक ओलांडायला नको. आणि दोन्हींपैकी जी बस कमी वेळा आहे तिच्या वेळेवरून सगळं आखा. ती दुसरी असेल तर पहिल्या बसची एक जास्तीची फेरी हाताशी ठेवून निघा, पहिली असेल तर तेवढीच घड्याळ बघून पकडा, पुढची येतच राहते.

पायरी ७: चढणं, पैसे, उतरणं

इथे प्रत्येक शहराचा नियम वेगळा, म्हणून स्टॉपवर आलात की आधी दुसरे लोक काय करतात ते बघा. पुढून चढायचं की मागून, कार्ड चढताना टेकवायचं की उतरतानाही (उतरताना राहिलं तर बऱ्याच ठिकाणी पूर्ण रूटचे पैसे कापतात), सुटे लागतात का, रोख चालते का. बस दिसली की हात करा, अनेक नंबर थांबणाऱ्या स्टॉपवर ड्रायव्हरला कळायला हवं की तुम्ही त्याचेच.

पैसे चढताना घेतले की बस रेंगाळते हे सगळ्या शहरांना माहीत आहे. ब्राझीलच्या कुरितिबाने १९९१ मधे काचेच्या नळीसारखे स्टॉप केले, पैसे आत शिरतानाच द्यायचे, फलाट बसच्या पातळीला, आणि सगळी दारं एकदम उघडणार. अशी व्यवस्था दिसली तर बसपाशी तिकीट शोधू नका, बाहेरच्या गेटवर आहे.

उतरताना एक स्टॉप आधीच बेल दाबा आणि दाराकडे सरका. नाव ऐकू आलं नाही तर मोबाइलवरचा निळा ठिपका बघत राहा, आणि तुमच्या स्टॉपच्या आधीच्या दोन स्टॉपची नावं आधी वाचून ठेवा, तुमच्या स्वतःच्या स्टॉपचं नाव ऐकू येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडू नका, तिला ओव्हरटेक करणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. बस जाऊ द्या.

पायरी ८: शेवटची गाडी

दिवसा चूक झाली तर १० मिनिटं जातात, रात्री झाली तर रात्र जाते. शेवटच्या गाडीची वेळ दोन्ही दिशांना वेगवेगळी असते, कारण शेवटच्या फेऱ्या डेपोच्या बाजूला संपवायच्या असतात. डेपोच्या दिशेने उशिरापर्यंत गाड्या मिळतात आणि डेपोपासून दूर जाणाऱ्या लवकर आटपतात, म्हणून जाताना बघितलेली वेळ परतीला लावू नका. शेवटून दुसरी गाडी हीच आपली शेवटची असं धरून चाला. आणि तीही गेली तर लगेच हाय खायची गरज नाही, जवळच्या मोठ्या रस्त्यावर रात्रीचे रूट आहेत का ते बघा, आणि पाटीवर डेपोचं नाव घेऊन जाणारी गाडी आली तर हात करून विचारा, काही शहरांत वाटेतल्या स्टॉपपर्यंत त्यातही बसू देतात.